गुरू मध्येच बदलला तर…

मी शाळेच्या संघातून फुटबॉल खेळत होतो, तेव्हाची गोष्ट. आंतरशालेय स्पर्धा ऐन रंगात आलेली असताना आमच्या खेळाच्या सरांची बदली झाली. नव्या सरांनी पहिल्याच दिवशी बचावफळीतल्या मुलाला पुढे आणले आणि पुढे खेळणाऱ्याला मागे धाडले. पुढचाच सामना आम्ही सपाटून हरलो. मध्येच गुरू बदलला की संघाचे वाटोळे ठरलेले, अशी समजूत तेव्हा जी मनात बसली, ती अनेक वर्षे निघाली नाही. ती निघाली २०२३-२४च्या इंडियन सुपर लीगमुळे.

या लीगमध्ये तेव्हा एका हंगामात दोन मान असत. साखळीत पहिला येणाऱ्या संघाला ‘शील्ड’ मिळे आणि त्यानंतर पहिल्या सहा संघांत बाद फेरी होऊन चषकाचा मानकरी ठरे. मुंबई सिटीने २०२२-२३मध्ये शील्ड जिंकली, ती डेस बकिंगहॅम या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली. पुढचा हंगाम सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये बकिंगहॅम यांना ऑक्सफर्ड युनायटेडचे बोलावणे आले. ऑक्सफर्ड हे त्यांचे जन्मगाव. घरच्या हाकेला नाही कोण म्हणेल? ते गेले. आता मुंबईचे काही खरे नाही, असे मी तेव्हा घरात सगळ्यांना ठणकावून सांगितले होते!

डिसेंबरमध्ये पीटर क्रॅटकी आले. मुंबईकरांना नाव अनोळखी. पण क्लबला नव्हे. मुंबई सिटीची मोठी मालकी २०१९पासून २०२५पर्यंत सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती. मँचेस्टर सिटी आणि ऑस्ट्रेलियातला मेलबर्न सिटी हे क्लबही त्याच समूहाचे. क्रॅटकी मेलबर्नमध्ये सहायक प्रशिक्षक होते. बकिंगहॅमही मुंबईला येण्यापूर्वी तिथेच त्याच कामावर होते. म्हणजे माणूस बदलला, घराणे तेच राहिले.

गंमत अशी, की त्याच सुमारास कोलकात्यातही गुरू बदलला. डिसेंबरात मोहन बागान लागोपाठ तीन सामने हरला. त्यातला पहिला मुंबईविरुद्धचा, ज्यात सात लाल कार्डे दाखवली गेली. प्रशिक्षक हुआन फेरांडो यांना जावे लागले आणि जानेवारीत अंतोनियो हबास आले. तेही परके नव्हते. आधी ते या संघाचे प्रशिक्षक होते.

मग काय झाले? साखळीचा अखेरचा सामना याच दोघांत झाला. १५ एप्रिल २०२४ रोजी मोहन बागानने तो २-१ असा जिंकून शील्ड नेली. ४८ गुणांना ४७. अवघ्या एका गुणाने हुकलेला संघ खचला असता. पण उपांत्य फेरीत गोव्यात, नव्वद मिनिटे भरत आली तरी ०-२ असे मागे असताना, मुंबईने शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल केले. लालियानझुआला छांगतेचे दोन, विक्रम प्रताप सिंगचा एक. मी तोवर दूरचित्रवाणी संच बंद करून जेवायला बसलो होतो! ४ मे रोजी कोलकात्यात पुन्हा तेच दोन संघ. मोहन बागानने आघाडी घेतली, तरी मुंबईने ३-१ असा चषक पटकावला. तिसरा गोल याकुब वोयतुसचा. तो क्रॅटकींच्या काळात, जानेवारीतच संघात आला होता.

मग गुरू बदलणे हाच रामबाण उपाय का? तसे नाही. प्रशिक्षकाला काढतात तेव्हा संघ बहुधा तळाला गेलेला असतो. ताप अगदी चढलेला असताना डॉक्टर बदलला आणि ताप उतरला, तर श्रेय नव्या डॉक्टरला मिळते. पण काही वेळा तो उतरणारच होता. मोहन बागानच्या बाबतीत असे थोडेफार म्हणता येईल. मुंबईचा संघ मात्र आजारी नव्हताच. तिथे खेळाडूंच्या अंगवळणी पडलेले न मोडणे हीच खरी कसोटी होती.

आमच्या नव्या सरांचे चुकले ते इथेच. ते आले म्हणून आम्ही हरलो नाही. आम्हाला काय येते, हे त्यांनी विचारलेच नाही, म्हणून हरलो.