लिहिता येतं, वाचता येत नाही

१८८७ साली पॅरिसमधल्या एका गृहस्थांना अचानक अक्षरं ओळखू येईनाशी झाली. नजर शाबूत, बोलणं स्वच्छ, आकडेही कळत. सांगितलेला मजकूर ते नीट लिहीत, पण स्वतःच लिहिलेलं वाचता येत नसे! अक्षर बोटाने गिरवलं, की मात्र ओळख पटे. १८९२ मध्ये ते वारल्यावर जूल देजरीन या डॉक्टरांनी मेंदू तपासला. डाव्या बाजूला, मागच्या भागात इजा होती. डोळ्यांनी टिपलेले आकार भाषेच्या केंद्रांपर्यंत पोचतच नव्हते. आज स्कॅनमध्ये तिथला एक छोटा पट्टा शब्द दिसताच सक्रिय झालेला दिसतो, लिपी रोमन असो वा चिनी. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं, त्यामुळे वाचनासाठी वेगळा अवयव घडायला उत्क्रांतीला सवडच मिळाली नाही. वस्तू, चेहरे ओळखणाऱ्या भागातल्याच काही पेशी शिकता शिकता अक्षरांच्या कामाला लागतात, अगदी मोठेपणी साक्षर झालेल्यांच्यासुद्धा.