वस्तऱ्याची मूठ

न्हाव्याच्या धोकटींतील हत्यारांमध्यें वस्तरा हा मुख्य. त्याच्या धारेचें कौतुक सर्वजण करतात. परंतु ज्या दोन पातळ फळ्यांमध्यें तें पातें मिटून राहतें, त्या मुठीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक चांगल्या पोलादाचें पातें तीन पिढ्यांसही पुरतें. मूठ तेवढी टिकत नाहीं. शिंग तडकतें, लांकूड चिरतें, खिळा ढिला होतो, आणि उत्तम हत्यार केवळ मुठीवांचून भंगारांत जातें. आपल्या पारनेर तालुक्यांतही एखाद्या जुन्या पेटाऱ्यांत आजोबांचा असा वस्तरा पडून असेल. तो टाकून देण्यापूर्वीं पुढील मजकूर वाचावा, अशी वाचकांस विनंति आहे.

गांवगाड्यांत न्हावी हा बारा बलुतेदारांपैकीं एक. वर्षभर गांवाची हजामत करावी आणि सुगीस खळ्यावर जाऊन धान्य घ्यावें, अशी त्याची रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत ही सारी व्यवस्था वाचावयास मिळते. कुणब्यास जसा नांगर तसा त्यास वस्तरा. तो कोठें चालवावयाचा नाहीं, हेंही त्यानेंच एकदां ठरविलें: १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें न्हावी एकत्र जमले आणि विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. पोटाच्या हत्यारानें असें काम क्वचितच केलें असेल.

पुढें अमेरिकेंत किंग कँप जिलेट यांनीं १९०३ सालीं पातें बदलण्याचा वस्तरा विक्रीस आणला, आणि जुन्या वस्तऱ्याचें राज्य हळूहळू ओसरलें. आतां रक्तावाटें पसरणाऱ्या रोगांच्या भयानें दुकानांत प्रत्येक गिऱ्हाइकास नवें पातें लावतात, व तें योग्यच आहे. जुना वस्तरा आतां घरापुरता, एकाच माणसाच्या दाढीचा, किंवा आठवण म्हणून जपण्याचा राहिला आहे.

मूठ कशाची करावी? शेफील्ड व सोलिंगेन येथून येणाऱ्या वस्तऱ्यांस शिंग, हाड, क्वचित् हस्तिदंतही असे. हस्तिदंताचा व्यापार आतां कायद्यानें बंद आहे. पुढें हस्तिदंतासारखें दिसणारें सेल्युलॉइड निघालें. तें दिसावयास सुंदर, पण चटकन् पेट घेतें; शिवाय जुनें झालें कीं त्यांतून आम्ल वाफ सुटते आणि पातें गंजतें. अशा मुठीचा वस्तरा बंद डबींत मुळींच ठेवूं नये. म्हशीचें शिंग गरम पाण्यांत मऊ होतें व दाबून सपाट करतां येतें. मात्र त्यास कीड लागते. आमच्या मतें आपल्या बांधावरची बाभूळ यांत कमी नाहीं. जें लांकूड गाडीच्या चाकास चालतें, तें मुठीस कां चालूं नये? शिसव मिळाल्यास उत्तमच. लांकूड पूर्ण वाळलेलें असावें, आणि त्याची रेघ फळीच्या लांबीनें जावी. आडव्या रेघेची फळी बोटांच्या दाबानेंही मोडते.

आतां कृति. प्रथम धारेवर जाड कागद गुंडाळून चिकटपट्टी लावावी; हें काम वडीलधाऱ्यांनींच करावें, मुलांनीं पात्यास हात लावूं नये. जुन्या खिळ्याचें डोकें कानशीनें घासून टाकावें व बारीक सुंब्यानें खिळा बाहेर काढावा. जुनी फळी कागदावर ठेवून तिची आकृति काढावी. ती नसल्यास मिटलेल्या स्थितींत पातें ठेवून रेषा आंखावी: धार पूर्ण झांकली जावी आणि पात्याचें टोंक शेवटच्या पाचरेस लागूं नये.

आपला सुतार सूतांत मोजतो; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. विलायती वस्तऱ्याच्या पात्याची रुंदीही इंचाच्या अष्टमांशांतच सांगतात, त्यामुळें हिशेब सोपा पडतो. प्रत्येक फळी तयार झाल्यावर एका सुतास थोडी कमी भरावी. दोन्ही फळ्यांमध्यें कागद घालून त्या सरसानें चिकटवाव्या आणि एकच लांकूड समजून कापाव्या, घासाव्या व अर्ध्या सुताच्या गिरमिटानें भोंकें पाडावीं. म्हणजे दोन्ही फळ्या जुळ्या होतात. काम संपल्यावर सुरीचें पातें मध्यें घातलें कीं कागद फाटून त्या सुटतात.

खरी खुबी शेपटाकडील पाचरेंत आहे. ती टोंकाशीं जाड व पात्याकडे पातळ असावी. तिच्या योगें फळ्या मधोमध किंचित् बाहेर फुगतात, पात्यास जागा होते आणि खिळ्यापाशीं फळ्यांची पकड राहते. जुने कारागीर ही पाचर शिशाची करीत. पण शिसें विषारी असल्यामुळें त्याचा कीस श्वासांत जाऊं देऊं नये. हाडाची किंवा त्याच लांकडाची पाचर पुरेशी आहे. त्यानंतर फळ्यांस जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावे, प्रत्येक हात वाळूं द्यावा. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप तापून पेटतात. मोकळ्या पसरून वाळवाव्या.

शेवटीं अर्ध्या सुताची पितळी तार भोंकांतून ओवावी, दोन्ही बाजूंस बारीक चकत्या घालाव्या आणि तारेच्या जाडीहून थोडी कमीच तार बाहेर ठेवून बाकीची कापावी. ऐरणीवर लहान हातोडीनें कडेकडेनें हलके ठोके द्यावे. पाचरेचें टोंक आधीं, पात्याचें नंतर. चार ठोके दिले कीं पातें उघडून पाहावें: तें स्वतःच्या भारानें खालीं पडूं नये, आणि उघडतांना अडूंही नये. मिटल्यावर तें दोन्ही फळ्यांच्या बरोबर मध्यें उभें राहिलें पाहिजे. एकीकडे झुकल्यास बहुधा पाचर एका कडेस जाड राहिलेली असते; खिळा काढून ती पुन्हां घासावी. ठोकून सरळ करण्याचा मोह आवरावा, कारण त्या एका ठोक्यानें फळी भोंकापाशीं उभी चिरते.