डोळ्यापुढे आलेला आणि गेलेला पडदा

गेल्या पेरणीच्या दिवसांत सत्तरीचे एक शेतकरी सुनेसोबत दवाखान्यात आले, ते खोकल्याच्या औषधासाठी. निघता निघता सूनबाई म्हणाल्या, "काल सकाळी बाबांना पाच मिनिटे दिसेनासे झाले होते. पुन्हा दिसू लागले, म्हणून डॉक्टरांना सांगू नको म्हणाले." मोतीबिंदू वाढला, असे निदान बाबांनी स्वतःच करून टाकले होते.

मोतीबिंदू असा येत-जात नाही. त्याने दृष्टी महिनोन्महिने धूसर होत जाते. उतारवयात काही मिनिटे अंधार होऊन पुन्हा पूर्ववत दिसू लागले, तर पहिला संशय रक्तपुरवठ्याचा घ्यावा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीचीच एक शाखा डोळ्याला रक्त पुरवते. त्या रोहिणीच्या भिंतीवर साचलेल्या मेदाचा कण किंवा हृदयातून सुटलेली बारीक गुठळी दृष्टिपटलाच्या वाहिनीत अडकली, की पडदा उतरावा तसा अंधार होतो; ती विरघळली किंवा पुढे सरकली, की पडदा उठतो. वेदना मुळीच नसते, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. पुढची गुठळी मेंदूत अडकली तर मात्र पक्षाघात होतो, आणि हा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

"बाबा, तेव्हा एकेक डोळा झाकून पाहिले होते का?" मी विचारले. त्यांनी पाहिले होते. अंधार फक्त उजव्या डोळ्यात होता. निदानाची अर्धी वाट या एका उत्तराने मोकळी होते. अंथरुणातून उठताच दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब उतरत असावा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही तसे होते. (गोळ्या मनाने बंद करू नयेत.) नागमोडी चमकत्या रेषा दिसून वीस-तीस मिनिटांत विरल्या, तर बहुधा अर्धशिशी, पण ती साठीनंतर प्रथमच आली, तर तपासणीवाचून तसे म्हणू नये. डोळा दुखून लाल झाला आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर काचबिंदूची शंका घ्यावी.

आणखी एक कारण आपल्याकडे विरळ, परंतु विसरू नये असे आहे. कानशिलात ठणका, केस विंचरताना डोके हुळहुळणे, भाकरी चावताना जबडा दुखून येणे ही लक्षणे सोबत असतील, तर कानशिलाच्या रोहिणीला सूज आलेली असू शकते. 'ईएसआर' ही रक्ताची साधी, स्वस्त तपासणी येथे मार्ग दाखवते. स्टेरॉइडला एक-दोन दिवसांचा उशीरही कायमचे अंधत्व आणू शकतो.

बाबांची नाडी अनियमित लागली. त्याच दुपारी त्यांना पिंपरीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासणे, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, मानेच्या रोहिण्यांचे डॉप्लर, मेंदूचा एमआरआय, साखर, कोलेस्टेरॉल हे सारे झाले. मानेच्या रोहिण्या स्वच्छ निघाल्या. दोष हृदयाच्या लयीत होता. आता ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात.

दृष्टी परतली नाही, तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा हातातले बळ गेले, तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. चाकणची वाहतूककोंडी ध्यानात घेऊन घरगुती उपायांत वेळ दवडू नये. अंधार किती वाजता आला, ते लिहून ठेवावे. अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नये, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास ती घातक ठरते. दृष्टी परतली असली तरी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे, आणि रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये.