तर्जुमा आणि रुजुवात

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ज्याच्या घरी जमिनीचा थोडाफार जुना कागद आहे, त्याला तर्जुम्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. निजामाच्या अमदानीत दप्तराची भाषा आधी फारसी आणि पुढे उर्दू, शेत कसणाऱ्याची भाषा मराठी. आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य बदलले तरी दस्तऐवज काही रातोरात बदलले नाहीत, त्यामुळे आजोबांच्या नावची नोंद वाचायची झाली तर उर्दू जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध मुन्शीच्या ओसरीवर जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नसे. तो सांगेल ते प्रमाण. एखाद्या शब्दाचा अर्थ त्याने मालक असा लावला की कूळ असा, यावर घराण्याची जमीन इकडची तिकडे व्हावी, आणि ज्याला मूळ लिपीच वाचता येत नाही त्याला ती चूक कळण्याचा मार्गही नसावा, अशी ती विलक्षण पराधीनता होती. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा एकदा जो भाव आला, तो पाहून मला माझ्या व्यवसायातल्या एका मुन्शीची आठवण झाली.

हा मुन्शी म्हणजे कंपायलर. परिभाषाकार त्याला ‘संकलक’ म्हणतात. पण तो संकलन करीत नाही, तर्जुमा करतो. माणूस फोर्ट्रान किंवा सी अशा भाषेत गणित मांडतो, यंत्राला शून्य आणि एक यांपलीकडे काही उमगत नाही, आणि या दोहोंमध्ये कंपायलर उभा असतो. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलीत त्याची चूक झाली तर ती संध्याकाळी रोकड मोजताना उघडी पडते. परंतु जी आज्ञावली अजून न पडलेल्या पावसाचे, न वाढलेल्या पिकाचे किंवा न आलेल्या पुराचे गणित करते, तिचे उत्तर ताडून पाहण्यासाठी गल्ल्यात रोकडच नसते. वैज्ञानिक प्रतिमानासाठी विश्वासू कंपायलर कसा निवडावा, हा प्रश्न म्हणूनच वरवर रुक्ष दिसला तरी बारकाईने पाहण्याजोगा आहे.

आमच्या भागाला तर तो दूरचाही नाही. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरच्या स्थानकात आली, कारण शहराची तहान ज्या मांजरा धरणावर भागते ते कोरडे पडले होते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावांत एका रात्रीत पाणी शिरले. मांजरा आणि लेंडी यांच्या खोऱ्यांत पडलेल्या पावसापैकी किती जमिनीत मुरेल आणि किती वाहून जाईल, हे सांगू पाहणारी प्रतिमाने आहेत. अमेरिकेच्या कृषिखात्यात टेक्सासमधील टेम्पल येथे तयार झालेले ‘स्वॅट’ हे त्यांतले बहुश्रुत नाव. लातूरची बाजारपेठ ज्याच्या आवकेवर हलते त्या सोयाबीनच्या वाढीचे प्रतिमान ‘डीसॅट’ या संचात आहे. पावसाच्या अंदाजासाठी ‘डब्ल्यूआरएफ’ आहे, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक बसले ते याच जातीच्या, कितीतरी अधिक विशाल प्रतिमानांसाठी. या साऱ्यांत एक समान धागा असा की त्यांची मूळ भाषा फोर्ट्रान आहे, म्हणजे जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी सिद्ध केलेली ती भाषा, जिचे मरण दर दहा वर्षांनी कोणीतरी जाहीर करतो आणि जी दर वेळी तेराव्याच्या पंगतीत स्वतःच येऊन बसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडील एका महाविद्यालयाचा संशोधक विद्यार्थी माझ्याकडे आला. मांजरेच्या एका उपनदीवर तो काम करीत होता, आणि त्याच्या मार्गदर्शकांच्या काळापासून चालत आलेली, १९७७ च्या फोर्ट्रानात लिहिलेली पर्जन्य आणि अपवाह यांची आज्ञावली जुन्या संगणकावर वर्षानुवर्षे समंजस उत्तरे देत होती. तीच त्याने नव्या लॅपटॉपवर, विनामूल्य मिळणाऱ्या जीफोर्ट्रान या कंपायलरने चालवली, तर सकाळचे उत्तर दुपारी मिळेना आणि दुपारचे संध्याकाळी. ‘फुकटचे ते फुकटच,’ असा निवाडा विभागात सर्वानुमते होऊन विकतच्या कंपायलरसाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. आम्ही दोघांनी त्या आज्ञावलीतील न भरलेल्या प्रत्येक जागेत ‘ही संख्याच नव्हे’ असा विषारी शिक्का ठेवण्याची सूचना कंपायलरला दिली आणि ती पुन्हा चालवली. पहिल्याच फेरीत ती एका उपआज्ञावलीत धाडकन थांबली. जमिनीतील ओलावा साठवणारा चलांक तिथे कालच्या दिवसाची किंमत आज जिवंत असेल असे गृहीत धरून वापरला होता, आणि तसे जाहीर मात्र कुठेच केले नव्हते. जुने अनेक कंपायलर असे चलांक एका कायमच्या जागी ठेवीत, म्हणून कालची किंमत योगायोगाने टिके. भाषेच्या नियमाने तसे वचन कधीच दिलेले नव्हते. ‘सेव्ह’ हा एक शब्द घातला आणि उत्तरे स्थिर झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा तो बेत थोडक्यात टळला.

ही हकीकत मी विस्ताराने सांगितली, कारण कंपायलरवर होणाऱ्या फिर्यादींपैकी फार मोठ्या भागाचा शेवट माझ्या अनुभवात असाच होतो. याचा अर्थ मुन्शी चुकतच नाहीत असा नव्हे. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सीस्मिथ’ नावाचे साधन रचून स्वैर निर्माण केलेल्या हजारो आज्ञावल्या निरनिराळ्या सी कंपायलरांपुढे टाकल्या, त्यांची उत्तरे परस्परांशी ताडून पाहिली, आणि तोवर कोणाला ठाऊक नसलेले सव्वातीनशेहून अधिक दोष उघडकीस आणले. त्याचा वृत्तांत २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या परीक्षेत फ्रान्समधील झाव्हिए लरुआ यांचा ‘कॉम्पसर्ट’ मात्र आपल्या ज्या भागाची शुद्धता गणिती सिद्धतेने प्रस्थापित झाली होती तेवढ्या भागात निष्कलंक ठरला. पण तो सी भाषेपुरता आहे, फोर्ट्रानवाल्याने त्याच्याकडे दुरूनच आदराने पाहावे.

खरी गुंतागुंत आहे ती निराळीच, आणि तिथे चूक कोणाचीच नसते. दोन कंपायलर दोन्ही प्रामाणिक असून दोन उत्तरे देतात. यंत्र दशांश संख्या पूर्ण लिहू शकत नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ या प्रमाणकानुसार नेहमीच्या दुहेरी अचूकतेत तिला पंधरा-सोळा सार्थ आकड्यांपुरतीच जागा मिळते. आता दहाचा सोळावा घात घ्या, त्यात एक मिळवा आणि मग दहाचा सोळावा घात वजा करा; यंत्र शून्य सांगेल, कारण मिळवलेला एक मोठ्या रकमेच्या शेजारी मावलाच नाही. तेच आधी वजाबाकी करून मग एक मिळवा. यंत्र एक सांगेल. शाळेत शिकवलेला साहचर्याचा नियम इथे लागू पडत नाही. वेग वाढवण्यासाठी कंपायलर बेरजांचा क्रम बदलतो, चार-चार आठ-आठ पदे एकत्र जोखतो, किंवा गुणाकार आणि बेरीज अशा दोन पायऱ्यांची एकच पायरी करून मधली काटछाट वाचवतो. आणि यांतल्या प्रत्येक कृतीने सोळाव्या घरातला आकडा हलतो.

सोळाव्या घरातल्या आकड्याने काय बिघडते, असे आडतीच्या दुकानातला मुनीम विचारील आणि त्याच्यापुरते ते खरेही आहे. हवामानाचे गणित मात्र मुनिमाचे नव्हे. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरून आपले लहानसे प्रतिमान मध्यापासून पुन्हा चालवले, कॉफी पिऊन परत आले, आणि पाहतात तो काही महिन्यांच्या कल्पित हवामानात आधीच्या उत्तराचा मागमूसही उरला नव्हता. कंपायलर बदलल्याने पडणारा फरक याहून कितीतरी सूक्ष्म असतो, पण वाढतो त्याच रीतीने. म्हणून दोन कंपायलरांनी दिलेला पंधराव्या दिवसाचा पाऊस आकड्यागणिक जुळला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि ‘असे व्हायचेच’ म्हणून निश्चिंत राहण्याचेही नाही.

या पेचातून जी वाट निघाली ती मला आपल्या महसुली परंपरेच्या अगदी जवळची वाटते. अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात २०१५ च्या सुमारास अशी रीत घालून दिली गेली की आधी एका विश्वसनीय यंत्रावर आणि कंपायलरवर प्रारंभीच्या तापमानात दहाच्या उणे चौदाव्या घाताइतका नगण्य फेरफार करीत एकच प्रतिमान १५१ वेळा चालवावे, त्या साऱ्या उत्तरांचा पसारा मोजावा, आणि नव्या कंपायलरचे उत्तर त्या पसाऱ्यात बसते की नाही ते पाहावे. बसले तर फरक निसर्गाच्या चंचलतेत जमा; न बसले तर चौकशी. मिरा नावाच्या महासंगणकावरील उत्तरे या कसोटीला उतरली नाहीत, तेव्हा चौकशीत दोष निघाला तो मघाशी सांगितलेल्या, गुणाकार आणि बेरीज एकत्र करणाऱ्या आज्ञेचा. ती बंद केल्यावर उत्तरे रांगेत आली. तर्जुमा शब्दाला शब्द जुळतो की नाही हे पाहणे वेगळे आणि मजकुराचा अर्थ शाबूत आहे की नाही याची रुजुवात घेणे वेगळे. आणि शास्त्राला दुसरीची गरज आहे.

आता प्रत्यक्ष मंडळींकडे वळू. जीफोर्ट्रान हा २००५ मध्ये जीसीसी या कंपायलर-संचाच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आला. तो विनामूल्य आहे, सर्वत्र मिळतो, त्याचा अंतर्भाग कोणीही वाचू शकतो, आणि अंकगणितात मोकळीक घेण्यापूर्वी तो साधारणपणे परवानगी मागतो. त्याची करडी बाजूही आहे: २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून उपआज्ञावलीला भलत्या जातीचा चलांक पाठवणे हा गुन्हा ठरला आणि अनेक जुन्या आज्ञावल्या एका रात्रीत उभ्याच राहिनात, त्याबद्दल लोकांनी त्याला शिव्या दिल्या, मी देणार नाही. इंटेलचा कंपायलर वेगवान खरा, आणि २०२० च्या अखेरीपासून तोही विनामूल्य झाला आहे. परंतु तो न विचारताच थोडी मोकळीक घेतो, आणि फोर्ट्रानच्या नियमाने कंसांची जी मर्यादा पाळायला हवी ती पाळण्यासाठी त्याला निराळी सूचना द्यावी लागे. शिवाय दशकानुदशके ज्याच्यावर लोक विसंबले तो जुना ‘आयफोर्ट’ आता बंद झाला असून त्याच्या जागी निराळ्या पायावर उभारलेला ‘आयएफएक्स’ आला आहे. नाव जवळचे म्हणून जुन्या रुजुवातीवर भागवून घेणे सुरक्षित नाही. ऑक्सफर्डच्या ‘नॅग’चा कंपायलर दाम मागतो आणि धिम्या गतीने चालतो, पण दोष हुडकण्यात त्याचा हात धरणारा मला दिसला नाही. ‘फ्लँग’ अजून उमेदवारीत आहे. मार्च २०२५ मध्ये त्याच्या नावापुढचे ‘नवा’ हे बिरूद काढले गेले, एवढ्यावरून त्याला कायम करावा असे मी म्हणणार नाही.

डब्ल्यूआरएफ बसवताना पडद्यावर कंपायलरांची क्रमांकित यादी येते आणि एक आकडा टंकायचा असतो. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्याला पर्यायांतून एक निवडण्याचा सराव दांडगा. पण इथे उत्तरसूची मिळत नाही, आणि एकच पर्याय बरोबर असतो हेही खरे नाही. त्याला मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, नेटसीडीएफसारखी सोबतची ग्रंथालये त्याच कंपायलरने आणि शक्यतो त्याच आवृत्तीने बांधून घ्यावी. एका मुन्शीच्या खुणा दुसऱ्याला वाचता येत नाहीत, आणि नांदेडच्या लॅपटॉपवर सुरळीत चाललेले काम पुण्याच्या महासंगणकावर अडते ते बहुधा याच उंबरठ्यावर. दुसरी, घरचा मुन्शी म्हणून जीफोर्ट्रान ठेवावा, पहिली धाव वेगाची सारी प्रलोभने बंद करून आणि तपासणीच्या साऱ्या चौक्या उघड्या ठेवून घ्यावी, मग ज्याचा त्याच्याशी गोत्रसंबंध नाही अशा दुसऱ्या कंपायलरकडून तेच काम करवून दोन्ही उत्तरांचा ताळा पाहावा, आणि वेगाचा विचार त्यानंतर करावा. दोघांचे जुळले नाही तर कारण सापडेपर्यंत एकाचेही छापू नये. यात आठवडा जातो. प्रबंधाला चार वर्षे लागतात, तिथे तो जड नाही.

नांदेडच्या विष्णुपुरीतील दोन्ही विद्यास्थानांतून आणि लातूरच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या प्रबंधांच्या मार्गदर्शकांना, आणि ते तपासणाऱ्या परीक्षकांना, माझी एक विनंती आहे. तहसील कचेरीतून घेतलेल्या साध्या नकलेवरही नक्कल करणाऱ्याची सही असते, रुजुवात घेणाऱ्याची असते आणि खाली तारीख असते. प्रतिमानाच्या प्रत्येक कोष्टकाखाली कंपायलरचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, दिलेल्या सूचना आणि ताळा ज्याच्याशी घेतला त्या दुसऱ्या कंपायलरचे नाव, एवढ्या दोन ओळी छापल्याखेरीज ते कोष्टक दाखल करून घेऊ नये.