काल्पनिक राज्य आणि आपले घर

स्त्री-पुरुष समतेवरील भाषणाला नववी-दहावीची मुले कंटाळतात. गोष्ट मात्र कान देऊन ऐकतात. गोष्ट भयावह भविष्यकाळाची असेल तर अधिकच.

कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांची 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तीतील गिलियड राज्य उभे राहताना स्त्रियांच्या नोकऱ्या जातात, बँक खाती गोठवली जातात आणि पैसा नवऱ्याच्या वा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हाती जातो. पुढे वाचनबंदी येते. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे जाऊन चित्रे उरतात. नायिकेला नावही मालकाच्या नावावरूनच मिळते. काही प्रसंग कोवळ्या वयाला झेपणारे नाहीत, म्हणून शिक्षकांनी कथानक तोंडीच सांगावे हे बरे.

मग विचारावे, यातले आपल्याकडे काय नव्हते? इतिहासात कुठे ना कुठे घडले नाही असे आपण काही लिहिले नाही, हे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. विद्याबंदी तर आपल्या पणज्यांनी भोगली. अशा बंदीला धर्माचा आधार देणारी मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आजही पुष्कळ घरांत आहे.

मुलग्यांसाठी मोलाचे पात्र नायिकेच्या नवऱ्याचे. तो दुष्ट नाही. मी तुला सांभाळीन, असाच त्याचा सूर असतो. पण झाल्या प्रकाराचे त्याला फारसे वाईट वाटत नाही, हे तिच्या ध्यानात येते. सत्ता न मागताही हाती आली की ती खुपत नाही, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके व्याख्यानात दिसत नाही.

जोडीला बेगम रुकय्या यांची १९०५ सालची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा सांगावी. तीत पुरुष पडद्यात आणि राज्यकारभार स्त्रियांकडे. मुले हसतील. हसू द्यावे, मग त्यांनाच कारण विचारावे.

यानंतर २० जुलै १९४२ ची नागपूरची दलित महिला परिषद घ्यावी. अध्यक्षा होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना सुटी व निवृत्तिवेतन, कायदेमंडळात राखीव जागा, असे ठराव तेथे झाले.

वहीत तीन रकाने आखून घ्यावेत. पहिल्यात गिलियडने हिरावलेले, दुसऱ्यात १९४२ साली मागितलेले. तिसरा घरी जाऊन भरायचा: घर कोणाच्या नावावर, आईच्या खात्याचे कार्ड कोणाच्या खिशात आणि दहावीनंतर बहिणीने शिकावे की नाही, हे कोण ठरवणार?