हौशी सीएनसी राउटर अर्ध्यावर का थांबतो?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथ आणि मिलिंग मशीनवर आयुष्य काढलेली माणसे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. त्यांची मुले आता टेबलावर मावणारा सीएनसी राउटर सुटे भाग आणून घरीच जोडतात आणि लाकडावर नावाच्या पाट्या कोरतात. चार पैसे मिळवून देणारे हे साधन आहे. परंतु ३०० मि.मी.चा म्हणून घेतलेला राउटर २०० वरच थांबला की विद्यार्थी गोंधळतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाला दुकानदाराने मोटर गेली असे सांगून नवी घ्यायला लावली. नवी मोटरही २०० वरच थांबली!

विद्यार्थी मित्रहो, अशा वेळी मशीन थांबताना आवाज कसा झाला, हे आधी आठवावे. मशीन गुपचूप थांबून संगणकाच्या पडद्यावर 'अलार्म २' किंवा, बटणाने सरकवताना, 'एरर १५' उमटले असेल तर मोटर निर्दोष आहे. अशा बहुतेक छोट्या राउटरमध्ये जीआरबीएल नावाची मोफत आज्ञावली असते. तिच्या मूळ सेटिंगमध्ये तिन्ही अक्षांची हद्द २०० मि.मी. धरलेली आहे. हद्दीची राखण ($२०) चालू असेल, तर त्यापलीकडची आज्ञा ती नाकारते. कारखान्यातल्या मोठ्या मशीनवरचा 'ओव्हर ट्रॅव्हल' तो हाच. घरी वडिलांना विचारून पाहा.

हद्दीचे आकडे $१३०, $१३१ आणि $१३२ येथे बदलता येतात. मात्र खोक्यावर ३०० छापले म्हणून ३०० भरू नये. वीज बंद करून स्क्रू हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा व पट्टीने मोजावे. एखाद्या बोल्टचे डोके किंवा वायरींची ओढ वाटेत येते, ते तेव्हाच समजते. जेवढे अंतर खरोखर मिळते, त्याहून थोडे कमीच भरावे.

ही राखण होमिंगवाचून चालत नाही. लिमिट स्विच नसतील तर सुरू करताना मशीन जेथे उभे असते, तीच जागा ते शून्य मानते; टोक कोठे आहे हे त्याला ठाऊकच नसते. मग ते कडेला धडकून घरघरते. स्विच बसवले असतील तर ते ज्या कोपऱ्यात आहेत, तोच कोपरा $२३ मध्ये सांगितलेला असावा. होमिंगनंतर आकडे वजा दिसतात, त्यात काही बिघाड नाही.

तिसरी तऱ्हा फसवी आहे. १०० मि.मी. सांगावे आणि मशीन शांतपणे ५० च सरकावे. येथे हिशेब चुकलेला असतो. साधारण स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करीत असेल तर ३२०० होतात. एका फेऱ्यात स्क्रू ४ मि.मी. पुढे नेत असेल, तर एका मि.मी.ला ८०० पावले. हा आकडा $१०० मध्ये असतो. फरक नेमका दुप्पट वा निमपट असेल तर ड्रायव्हरचा जंपर किंवा स्क्रूची चाल तपासावी. सरकताना खडखड होत असेल, तर मात्र हा आकडा मुळीच बदलू नये. मोटरची पावले चुकत आहेत. वेग ($११०) व त्वरण ($१२०) कमी करावे आणि स्क्रू-नट स्वच्छ करून पुन्हा मोजावे.

एवढे करूनही जॉब अडला, तर जॉबचा झीरो पाहावा. चित्राचा आरंभ डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि झीरो मात्र बेडच्या मध्यावर घेतलेला, असे नेहमी घडते. अर्धी पाटी मग हद्दीबाहेरच जाते. लांब बिट लावल्यास वर उचलण्याची जागाही कमी पडते. नवा जॉब पहिल्यांदा बिट काढून, फळी न लावता पूर्ण चालवून पाहावा.