बॅटरीची करवत : वापर, निगा आणि सावधगिरी



गळीत हंगाम तोंडावर आला की शिवरस्त्याच्या बाभळी आठवतात. वर्षभर वाढलेल्या फांद्या उसाने भरलेल्या ट्रॉलीला अडतात, मोळ्या खाली ओढतात आणि खाली पडलेले काटे टायरात घुसतात. पूर्वी हे काम कुऱ्हाडीने व कोयत्याने होत असे. आता पुष्कळ सभासदांच्या घरी बॅटरीवर चालणारी करवत आली आहे. पाते पुढे-मागे हलते, वायर लागत नाही, बांधावर वीज असो वा नसो, काम होते. फांद्या, जुने लाकूड, ठिबकचे व पाइपलाइनचे पाइप, बोअरचा लोखंडी पाइप असे सर्व काही पाते बदलून कापता येते. यंत्र सोयीचे आहे यात वाद नाही. पण ते नीट समजून घेतले नाही तर ते लाकूड आणि बोट यांत फरक करीत नाही.

नवीन यंत्राची किंमत आपण पूर्वीही मोजली आहे. मळणी यंत्रे गावोगाव आली तेव्हा अनेकांचे हात गेले. अखेर १९८३ साली संसदेला घातक यंत्रांविषयीचा कायदा करावा लागला. कडबाकुट्टीने बोटे गेलेली माणसेही आपल्या ओळखीत आहेत. त्या अनुभवातून जे शिकलो ते या यंत्राच्या बाबतीत आधीच शिकून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वायर नाही, म्हणूनच धोका

विजेच्या यंत्राला वायर असते. पिन काढली की यंत्र मेले, हे लहान पोरालाही दिसते. या करवतीची वीज तिच्या पोटातच आहे. बॅटरी बसवलेली आहे तोवर करवत जिवंत आहे, मग ती खाटेवर पडलेली असो की ट्रॅक्टरच्या पेटीत. पाते बदलताना चुकून घोडा दाबला गेला, तर मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा हलणारे पाते हातातच सुरू होते. म्हणून पहिला नियम हाच : आधी बॅटरी काढायची, मग पात्याला हात लावायचा. पाते बदलताना, अडकलेले लाकूड काढताना, साफ करताना, यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना आणि घरी नेताना हा नियम पाळावा. घोडा अडवून ठेवणारे बटण असते, तेही लावावे. पण त्या बटणावर विसंबून बॅटरी आत ठेवू नये.

काम संपल्याबरोबर पात्याला बोट लावू नये. लोखंड कापल्यावर ते चांगलेच तापलेले असते.

पाते कोणते लावावे?

पात्यावर एका इंचात किती दाते आहेत ते लिहिलेले असते. ओल्या फांदीला ५-६ दात्यांचे मोठे पाते लागते, कारण भुसा बाहेर पडायला दात्यांत जागा हवी. खिळे असलेल्या जुन्या लाकडाला सुमारे १० दाते व लोखंडी पाइपाला १४ ते १८ दाते चालतात. पातळ पत्र्याला आणखी बारीक दाते लागतात. कापायच्या वस्तूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत, हा सोपा ठोकताळा आहे. पातळ पाइपाला मोठ्या दात्यांचे पाते लावले तर दाते अडकतात, पाते झटके देते आणि दाते तुटून उडतात. बोथट पात्यावर जोर देऊन काम रेटू नये. त्याने पाते, मोटर आणि बॅटरी तिन्ही तापतात. पाते हे झिजणारेच आहे, त्यात काटकसर करू नये.

धरावे कसे, कापावे कसे?

पात्याच्या मुळाशी लोखंडी बूट असतो. करवत सुरू करताना हा बूट फांदीला किंवा पाइपाला घट्ट टेकवावा आणि शेवटपर्यंत टेकलेलाच ठेवावा. बूट मोकळा राहिला तर पाते लाकडाला धरते आणि सगळे यंत्र पुढे-मागे आदळू लागते. दोन्ही हातांनी धरावे. पात्याचे टोक पलीकडे दुसऱ्या फांदीला, दगडाला किंवा जमिनीला लागणार नाही ना, हे आधी पाहावे. टोक आपटले की यंत्र मागे झटका देते व पाते वाकते.

झाडावरची फांदी तोडताना आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून कापावे, पण जाडीच्या पाव ते एक तृतीयांशच. मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापावे. फांदी साल न सोलता खाली येते. राहिलेला खुंट शेवटी बुंध्यालगत कापावा. खालचा काप जास्त खोल नेला तर फांदीच्या वजनाने फट मिटते व पाते आत अडकते. जमिनीवर दोन्ही टोकांनी टेकलेले लाकूड मात्र मधे वाकते, त्यामुळे त्याची वरची फट मिटते. तिथे वरून थोडे कापून उरलेले खालून कापावे. पाते अडकलेच तर ओढाताण न करता घोडा सोडावा, बॅटरी काढावी आणि लाकडात पाचर मारून पाते मोकळे करावे.

शिडीच्या टोकाला उभे राहून किंवा खांद्याच्या वर हात करून करवत चालवू नये. दोन्ही हात यंत्रात गुंतल्यावर तोल सावरायला हात उरत नाही. फांदीखाली गडी, पोरे, जनावरे नसावीत. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, साडीचा पदर नीट खोचावा. पायात चामडी बूट व डोळ्यांवर चष्मा हवा. बाभळीचा काटा आणि लोखंडाचा कीस दोन्ही डोळ्याचे शत्रू आहेत. सारखे हादरे बसून बोटे बधिर होऊ लागली तर थांबावे.

विजेच्या तारेजवळची फांदी ही करवत कापू शकते, पण आपण ती कापू नये. यंत्र बॅटरीचे असले तरी तारेचा झटका त्यातून आणि ओल्या फांदीतून अंगात येतो. महावितरणच्या कर्मचाऱ्याला सांगून, लाइन बंद झाल्याची खात्री करूनच काम करावे. तसेच बांध आपला असला तरी आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा कायदा यंत्र कोणते वापरले ते विचारत नाही.

बॅटरीची निगा

या यंत्राचा जीव बॅटरीत आहे आणि खर्चही तिथेच जास्त. ती लिथियमची असते. तिला मार, पाणी आणि ऊन सोसत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये आणि ट्रॅक्टरच्या पेटीत त्याहून अधिक तापते. तिथे बॅटरी ठेवू नये, घरात सावलीत ठेवावी. कामातून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, थंड होऊ द्यावी. महिनोन्‌महिने काम नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून बाजूला ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवली तर पुढे ती चार्जच घेत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतून दोन फेजच्या वायरी घेऊन चार्जर लावण्याचा मोह होतो. दोन फेजमध्ये ४०० च्या वर व्होल्ट असतात व चार्जर २३० चा असतो. चार्जर जळतो, कधी आगही लागते. चार्जिंग घरीच, डोळ्यांसमोर, गादी-कपड्यांपासून दूर करावे. रात्रभर लावून झोपू नये.

फुगलेली, फुटलेली किंवा चमत्कारिक वास येणारी बॅटरी पुन्हा वापरू नये, उघडूही नये. ती उकिरड्यात किंवा पाचटात टाकणे म्हणजे फडाला आग लावणे होय. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदारामार्फत ती परत करावी. बॅटरीने पेट घेतलाच तर घरातील वीज बंद करावी, माणसे दूर करावीत आणि लांबून भरपूर पाणी मारावे. लोखंड कापायचे कामही पाचटाजवळ करू नये.

यंत्र स्वतः मात्र फार काही मागत नाही. काम झाल्यावर बॅटरी काढून भुसा ब्रशने झाडावा, पाते पकडणारा चिमटा साफ करावा, पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. पाण्याने धुऊ नये.

इजा झालीच तर

जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, हात वर करावा व १०८ ला फोन करावा. हळद, चुना, माती लावू नये. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबरच न्यावी. तुटलेला भाग थेट बर्फात ठेवू नये.

शेडच्या दारावर लावून ठेवा

१. पात्याला हात लावण्याआधी बॅटरी बाहेर.
२. बूट टेकवल्याशिवाय घोडा दाबायचा नाही.
३. डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हात यंत्रावर, पाय जमिनीवर.
४. तारेजवळ करवत नाही.
५. बॅटरी उन्हात नाही, चार्जर विहिरीवर नाही.
६. पोरांच्या हाताला लागेल अशी करवत ठेवायची नाही.

टोळी येण्याआधी रस्ता मोकळा करावा, पण घाईने नव्हे. फांदी उद्याही तोडता येईल. गेलेले बोट मात्र कोणत्याही हंगामात परत येत नाही.